पडद्याची डावी कड

चित्र थांबलं. हत्ती चालता चालता थांबले, नगारे मध्येच तुटले, उडालेली रेती जिथं होती तिथंच हवेत लटकली, आणि थिएटरात एकदम एसीची घरघर ऐकू यायला लागली, जी इतका वेळ चालूच असणार. मयुरीला वाटलं, लाइन गेली. पण लाइन गेली तर अंधार होतो. इथं उजेड होता, नको तितका, पांढरा, हलायचं नाव न घेणारा, आणि तो पडद्यावरून उतरून पुढच्या रिकाम्या खुर्च्यांच्या पाठींवर पसरला होता. मांडीवरची छकुली झोपेत दचकली. मयुरीनं सवयीनं तिच्या नाकाखाली बोट धरलं. बोटाला श्वास लागला, गरम, नेहमीसारखा. तरी तिनं बोट काढलं नाही. मागच्या दारातून सुरजचा आवाज आला, "थांबवलं बे अज्या! घे तुले काय घ्याचं ते." शेजारच्या खुर्चीतला तिचा नवरा, अजय, मोबाइल उघडून उभा राहिला. "मामी," तो मयुरीच्या आईला, म्हणजे आपल्या सासूला म्हणाला, "आता पाहा निवांत. कुठी आहे तुमचा चैतू? डाव्या बाजूले म्हणता नं?"

हे अजयनं प्रेमानंच ठरवलं होतं, असं मयुरीनं नंतर स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं. चैतू तिचा थोरला भाऊ, ती जन्मायच्या किती तरी वर्षं आधी, जेमतेम वर्षाचा होऊन गेलेला. त्याचा फोटो नव्हता. त्या काळी वडशात, आईबाबांच्या गावी, लेकराचा फोटो काढायचा तर न्हाऊमाखू घालून स्टुडिओत न्यावं लागे, आणि काढू काढू म्हणता ते राहूनच गेलं. त्याचं जे काही उरलं ते या पिक्चरमध्ये, वैनगंगेच्या पात्रात झालेल्या शूटिंगच्या गर्दीत, आईच्या मांडीवर. घरात पिक्चरचं खरं नाव कोणी घेत नसे. 'हत्तीचा पिक्चर' एवढंच. आता चाळीस वर्षांनी तो धुऊनपुसून, रंग सावरून पुन्हा निघाला होता आणि चंद्रपूरच्या मॉलमध्येही आठवडाभरासाठी सकाळच्या खेळाला लागला होता. तिथला मॅनेजर सुरज, अजयचा शाळेपासूनचा दोस्त. "डिजिटल आहे नं वहिनी," तो म्हणाला होता, "रीळ थोडीच आहे जरायले. म्हणाल तिथं थांबवतो. ओरडाले कोनी असन तं पायजे हॉलमधे!" थांबवायचं, फोटो काढायचा, मोठा करून फ्रेममध्ये बसवायचा, आणि आई वडशाला निघेल तेव्हा तिच्या हातात द्यायचा. उद्या आई निघणार होती, आणि छकुलीला घेऊन निघणार होती. सोमवारी मयुरीला अहेरीच्या कॉलेजात रुजू व्हायचं होतं. तासिका तत्त्वावर का होईना, नोकरी लागली होती, वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. लग्नापासून कपाटात पडून होती. अजयच्या ड्यूटीची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. मयुरीनं अहेरीत खोली घ्यायची, शनिवारी यायचं, आणि लेकरू दिवाळीपर्यंत आजीजवळ राहायचं, असं ठरलं होतं. मयुरीनं यावर सारा उन्हाळा विचार केला होता. विचार म्हणजे काय, एकेक वाईट गोष्ट मनात घडवून पाहिली होती: विहिरीचा काठ, चुलीतला निखारा, घशात अडकलेला शेंगदाणा, गादीखालचा विंचू. आणि दर वेळी शेवटी सगळं ओझं एकाच खुंटीला अडकवून ती झोपली होती. आई आहे. आईला कळतं.

झोपलेल्या चैतूची गोष्ट मूळची बाबांची. बाबा, गुणवंतराव, वडशाच्या नाटक मंडळीत राजाची कामं करत. हिवाळाभर गावोगावचे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि मंडईच्या जत्रा, तिथं रात्रभर नाटक, डोक्यावर मुकुट. उन्हाळा आला की मुकुट माळ्यावर आणि बाबा राइस मिलमध्ये कोंड्यानं पांढरे. अशाच एका उन्हाळ्यात पिक्चरवाले आले. त्यांना माणसं हवी होती. "साधा पिक्चर असता तं मूठभर माणसात भागलं असतं," बाबा सांगत. "पन हा सत्तर एमएम! पडदा येवढा रुंद, का या कडेपासून त्या कडेपर्यंत मानूसच मानूस पायजे. कड रिकामी दिसली का साहेब भोंग्यातून बोंबले." म्हणून बाबांनी मंडळी नेली, मोहल्ला नेला, बायको नेली, बायकोच्या कडेवर चैतू. बाबांना भाला मिळाला आणि गोणपाटाला चांदीचा रंग फासून केलेलं चिलखत. बायकांना रेतीत बसवलं, राज्य सोडून चाललेली रयत म्हणून. आणि मग ती गोष्ट, जी प्रत्येक बारशाला आणि प्रत्येक तेरवीला बाबा उभे राहून, हाताची सोंड करून सांगत: नगारे वाजून राह्यले, घोडे खिंकाळून राह्यले, लोकांच्या लेकरांनी रडून रडून नदी डोक्यावर घेतली, आणि आमचा चैतू? "झोपलेला! हत्तीची पलटन गेली, पन पोट्ट्यानं डोरा नाई उघडला. राजाचा पोट्टा होता, राजाचा!" लोक हसत, मग हळूहळू चूप होत, कारण पुढचं सगळ्यांना ठाऊक असे. आठ दिवसांनी ताप आला आणि गेला. नजर लागली, बाबा म्हणत, पडद्यावर आला म्हणून नजर लागली. गोष्ट सुरू झाली की आई उठून स्वयंपाकघरात जाई आणि पातेल्यात काही तरी ढवळत बसे. आईला रडू येतं म्हणून जाते, असं मयुरी धरून चालली होती. छकुली झाली, आणि पहिल्यांदा दुपारभर सलग झोपली, तेव्हा वडशाहून आलेली आईची शेजारीण इंदुताई कौतुकानं म्हणाली होती, "मामावर गेली वं!" मयुरीनं त्याच क्षणी लेकराला गदागदा हलवून उठवलं. इंदुताईला राग आला. मयुरीलाही स्वतःचा आला. पण तेव्हापासून झोपलेल्या लेकराच्या नाकाखाली बोट धरायची खोड लागली ती लागलीच.

तिनं चैतूला पडद्यावर एकदाच पाहिलं होतं, दुसरी-तिसरीत असताना, नागपूरच्या त्या मोठ्या हॉलमध्ये, तो कायमचा बंद पडण्याच्या थोडं आधी. बाबांनी भांडून डाव्या अंगाच्या खुर्च्या मिळवल्या होत्या. तिथला पडदा सपाट नव्हताच. दोन्ही कडांनी आत वळलेला, परातीसारखा. एका नजरेत मावत नसे, मान फिरवावी लागे. इकडे राजा बोलतोय आणि तिकडे, पार तिकडे, कोणी तरी घोड्याला पाणी पाजतंय, हे आपलं आपण शोधायचं. डोक्यावरून उजेडाचा झोत जाई, त्यात धूळ नाचे. मागच्या खोलीतून रिळाची खडखड सगळ्या गाण्यांच्या खालून येत राही, लांबच्या शेतातल्या इंजिनासारखी. आणि चित्र ठाम उभं नसे. बारीक हलत असे, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं. प्रिंट जुनी झाली होती. उभ्या रेघा पडत, मध्येच ठिपके उसळत, आणि रंग उतरून सगळंच गुलाबी झालं होतं. आकाश गुलाबी, हत्ती गुलाबी, वैनगंगा सरबतासारखी. त्या गुलाबी गर्दीत अगदी डाव्या कडेला एक बाई आणि तिच्या मांडीवर गुलाबी गालांचं बाळ, हात सैल टाकून गाढ झोपलेलं. "तो पाय! तो पाय!" बाबा म्हणेपर्यंत पुढून हत्ती गेला आणि संपलं. मध्यंतरात बाबा वर ऑपरेटरकडे जाऊन आले, एकदा तिथं थांबवा, फोटो काढतो म्हणून. "थांबवता येत नाई म्हनते," ते हात हलवत परत आले. "पट्टी चालती आहे तोवर ठीक. थांबवली का दिव्याच्या आगीनं जरून जाते." आई एवढंच म्हणाली, "मंग संध्याकारच्या खेळाची बी तिकिटं काढा." ते तिघं त्या दिवशी दोनदा हत्तीखालून गेले. रात्री बसमध्ये मयुरीची मान दुखत होती, आणि आपल्याला इतका देखणा भाऊ होता याचा तिला अभिमान वाटत होता.

पुढे तो पिक्चर टीव्हीवर लागायचा. पण टीव्हीच्या चौकटीत बसवायला त्याच्या दोन्ही बाजू कापून टाकलेल्या. राजा मधे, हत्ती मधे, रयत गेली. तरी आई पूर्ण बघायची. "यात तो नाहीच गं आई," मयुरी एकदा वैतागून म्हणाली होती, "कशाला बघतेस?" आईनं टीव्हीच्या लाकडी खोक्याच्या डाव्या बाजूला, जिथं भिंतीवर नुसता चुना होता तिथं बोट दाखवलं. "बाजूलेच आहे." मयुरी हसली होती. नंतर ती हे मैत्रिणींना सांगायची, आईचा भाबडेपणा म्हणून, आणि मैत्रिणीही हसायच्या.

आज मात्र सुरुवातीपासूनच तिला काही तरी डाचत होतं. रुंद चित्र या पडद्यात बसवायला वरखाली काळे पट्टे सोडले होते, त्यामुळे एवढं मोठं राज्य अंगणात वाळत घातलेल्या दुपट्ट्यासारखं अरुंद झालं होतं. मान वळवायची गरजच नव्हती, सगळं एका नजरेत येत होतं आणि म्हणून कुठंच नजर ठरत नव्हती. रेघ नाही, ठिपका नाही, थरथर नाही. आकाश घासलेल्या ताटासारखं. राजाच्या दाढीचा डिंक दिसत होता. गोणपाटाची वीण दिसत होती, चांदी नव्हे. बाबा असते तर म्हणाले असते, हे काय नाटक आहे का. अजय मात्र खूश होता. "क्वालिटी पाय," तो कुजबुजला, "कालच काढल्यासारखा वाटते." तेच, मयुरीला वाटलं, तेच वाईट आहे. त्या गुलाबी पिक्चरमध्ये सगळी माणसं केव्हाच होऊन गेलेली होती, त्यांचं काही करायचं उरलं नव्हतं. ही माणसं अजून होती. ही घामेजलेली होती. तिनं छकुलीच्या कानातला कापूस चाचपला, अंगावर आणखी एक ओढणी टाकली. एसीनं लेकरू दोनदा शिंकलं होतं. उठून जावं असं मनात आलंही. पण सुरजनं एवढी खटपट केली, अजयनं ड्यूटी बदलून घेतली, त्यांना काय वाटेल. आणि मग वैनगंगेचं पात्र आलं, आईनं पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली, आणि चित्र थांबलं.

डाव्या कडेला, थेट कडेशी, ती होती. शोधावं लागलंच नाही. एकोणीस वर्षांची आई, मयुरीपेक्षा कितीतरी लहान, नाकात मोठी फुली, हनुवटी वर केलेली, पदर कपाळाच्याही पुढे ओढून स्वतःच्या चेहऱ्यावर छान सावली केलेली. बाकी सारी रयत हत्तींकडे बघत होती; ती एकटी सरळ समोर बघत होती, म्हणजे आत्ता मयुरीकडे, आणि बारीकसं हसत होती. आणि मांडीवर, सावलीच्या बाहेर, ते. गुलाबी नव्हतं. ओठ राखेच्या रंगाचे, मधे चिरलेले. तोंड उघडं. मान आईच्या दंडावरून मागं लोंबलेली, आणि पापण्या मिटलेल्या नव्हत्याच. अर्ध्या उघड्या होत्या, आणि मधून नुसतं पांढरं दिसत होतं. डोळे खोल गेलेले. तोंडाच्या कोपऱ्यात दोन माश्या. माशीसुद्धा साफ दिसत होती, तिचे पाय दिसत होते. एप्रिलमध्ये छकुलीला जुलाब झाले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मयुरीला सगळं नीट समजावलं होतं, डोळे कसे खोल जातात, टाळू कशी बसते, पोटाची कातडी चिमटीत धरली तर कशी उभीच राहते, आणि लेकरू रडत असेल तर घाबरू नका, रडायचं थांबलं की धावा. ती यादी आता तिच्या मनात आपोआप चालू झाली, आणि एकेका गोष्टीला पडद्यावरून होकार येत गेला. हे झोपलेलं लेकरू नव्हतं. कुणीही बघितलं असतं तर कळलं असतं.

"किती शांत झोपलाय," अजय म्हणाला. मोबाइल टकटक करत होता. "नगारे वाजून राह्यले आन् हा शांत. मामाजी सांगत तसंच आहे."

"अजय, पुरे," मयुरी म्हणाली.

"एक जवरून घेतो नं."

"पुरे म्हटलं! सुरजभाऊ, चालू करा!"

"थांब," आई म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. दोन रांगा ओलांडून, खुर्च्यांच्या पाठी धरत धरत, ती पुढं डावीकडे चालली होती, पडद्याच्या त्या कोपऱ्याजवळ. तिच्या पांढऱ्या केसांवर रेतीचा उजेड पडला. "मले पाहू दे. येवढा वेर कधी गवसलाच नाई तो."

"आई, चल, मागं ये."

"थांब नं वं जराशीक."

मयुरीला वाटलं होतं की आई तोंड फिरवेल, रडेल, निदान डोळे पुसेल. आईनं यातलं काही केलं नाही. बाजारात कापड पारखावं तसं ती बघत होती: केस, कान, हाताची मूठ, पायातला काळा दोरा. एकोणीस वर्षांच्या स्वतःच्या हसऱ्या तोंडाकडे मात्र तिनं एकदाही पाहिलं नाही. "चालू करा," मयुरी पुन्हा ओरडली, आणि त्या आवाजानं छकुली जागी होऊन किंचाळायला लागली. सुरज दारातून म्हणाला, "हो हो, वहिनी," आणि रेती हवेतून खाली पडली, नगारा उरलेला ठोका वाजवून मोकळा झाला, हत्ती चालू लागले. आई तिथंच, पडद्यापाशी, एवढीशी, उभी राहिली.

मॉलच्या पायऱ्यांवर उन्हाचा फटका बसला. जून संपत आला होता तरी आकाशात ढगाचं नख नव्हतं, आणि हवेत कोळशाची ती नेहमीची काळी चव. अजय तिथूनच ड्यूटीवर गेला. ऑटो आला तेव्हा आईनं नेहमीसारखे हात पुढं केले, "दे इकडे, तू चढ आधी." मयुरी लेकरासकट चढली. गुडघा लोखंडाला लागला, डोळ्यांत पाणी आलं, पण हात सुटले नाहीत. आईचे हात थोडा वेळ तसेच पुढं राहिले. मग तिनं त्याच हातांनी दांडी धरली आणि चढली. "लागलं का वं?" "नाही."

घरी दुपारभर दोघी एकमेकींच्या भोवतीनं कामं करत राहिल्या. छकुलीला भरवलं, पुसलं, निजवलं. आई फरशीवर बसून सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला लागली, काड्या एकीकडे, पानं एकीकडे, आणि मयुरीला न बोलणं असह्य झालं.

"आई, तो झोपला होता?"

"तुहा बाप सांगे तसं."

"बाबांचं नको. तू सांग."

"तू पाह्यलं नं चांगलं थांबवून?" आईनं मान वर केली नाही. "येवढी शिकली. मंग मले काऊन इचारतं?"

"तुला तेव्हा कळलं नव्हतं?"

"कळलं."

हा शब्द तिनं इतक्या सहज टाकला की मयुरीला तो उचलायला वेळ लागला. "मग उठली का नाहीस?"

"उठली नं. दोन डाव उठली. तो भोंगावाला म्हने, बाई उठली का सारं गेलं, हत्ती पुन्हा मांगं न्या लागते. बस खाली. सारा मोहल्ला माह्याकडे पाहे, का हिच्यापायी सांज होते. पानी मांगलं. टँकर होता, पन तो हत्तीचा होता."

"आठ दिवस ताप होता म्हणे..."

"आठ रोज तुह्या बापानं वाढवून देल्ले त्याले." आईनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "त्याच सांजले गेला. डोंग्यातच. नाव ऐल काठाले लागेपर्यंत."

बाहेर कुणाची तरी बोअर चालू झाली. आता उठावं, आईजवळ जाऊन बसावं, हे मयुरीला कळत होतं. चांगल्या घरातल्या, शिकलेल्या, मन मोठं असलेल्या मुलीनं या ठिकाणी काय करायचं असतं ते तिला नीट दिसत होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "आणि तू हसत होतीस."

आईचे हात थांबले. "कोन?"

"तू. त्या चित्रात. पदर स्वतःच्या तोंडावर, आणि समोर बघून हसतेस."

आई बोलली तेव्हा तिचा आवाज तिच्या नेहमीच्या आवाजापेक्षा लहान होता. "मले वाटलं, फोटो काढून राह्यले. येवढा मोठा क्यामेरा. मले का माहीत, पिक्चरचा क्यामेरा कसा चालते ते. स्टुडिओवाला म्हने नं, हालू नका, हासा, हाललं का फोटो बिघडते. म्हनलं, चैतूचा फोटो नाई काढला अजून. हा येक चांगला येऊ दे. मंग उठतो." ती थांबली. "म्हनून हालली नाई."

यानंतर आणखी विचारायचं काही उरत नाही, हे मयुरीला समजत होतं. समजणं तिच्या डोक्यात होतं, पुस्तकातल्यासारखं, समासासकट. खाली हात होते, आणि हातांना काहीच समजलं नव्हतं. त्यांनी तेवढा एकच शब्द धरून ठेवला होता. कळलं. कळलं होतं आणि बसली. लोक ओरडले म्हणून बसली. संध्याकाळी अजय स्टुडिओतून फोटो करून घेऊन आला, चांगली सोनेरी पट्टीची फ्रेम, आणि मयुरीनं त्याला स्वयंपाकघरात ओढून सगळं सांगितलं. तो बिचारा पांढराफटक पडला. मग त्याच्या स्वभावाप्रमाणे वाट काढायला लागला. चाळीस वर्षं झाली. तेव्हाची गोष्ट वेगळी. आता वडशात दवाखाना आहे, फोन आहे, दहा मिनिटांवर डॉक्टर आहे. "मामी आता तशा आहेत का? त्यांनी तुले वाढवलं नं?" "मला सगळं माहीत आहे," मयुरी म्हणाली. "मग?" मग काय, ते तिला सांगता येईना. सांगायचं तर हे सांगावं लागलं असतं, की आज सकाळी लेकरू शिंकत होतं आणि मीसुद्धा उठले नाही. सुरजभाऊंना काय वाटेल म्हणून बसून राहिले. मीही बसणाऱ्यांतलीच आहे. हे पोर कुणाजवळ ठेवावं असं माणूसच मला दिसत नाही. मी धरून. अजय तिच्या तोंडाकडे बघत होता. "सोमवारचं कॉलेजवाल्यांना काय सांगशील?" "सांगेन काही तरी." "असी नोकरी पुन्हा लागन का?" "नाही लागणार." तिनं आईला सांगायच्या सबबी मनात जुळवून ठेवल्या: लसीची तारीख आहे, डॉक्टर प्रवास नको म्हणाले, पंधरा दिवसांनी अजय आणून सोडेल. प्रत्येक सबब खरी वाटावी अशी होती.

एकही लागली नाही. सकाळी ती छकुलीला कडेवर घेऊन बाहेरच्या खोलीत आली तर आई खाटेवर आपली बॅग उघडून बसली होती. तिनंच आठवडाभर हौसेनं भरलेली छकुलीची झबली, टोपडी, दुपटी ती एकेक करून बाहेर काढत होती.

"मामी, हे काय?" अजयनं विचारलं.

"काई नाई, जवाईबुवा. पोरगी मायजवर बरी. वडशाले गरमी लय आहे औंदा."

घडी घातलेलंच झबलं ती पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत होती. बाह्या आत, मधे दुमड, हातानं सुरकुती मोडणं. चांदा फोर्ट स्टेशनाहून गाडी सुटायला अवकाश होता, पण इतका नव्हता. मयुरीला कळत होतं की आई वेळ देते आहे. म्हणायचं एवढंच होतं, राहू दे, ने तिला. आई ते ऐकण्यासाठी मान खाली घालून बसली होती, आणि अजयही, आणि शब्द मयुरीच्या जिभेवर आलेलेही होते, लाळेसारखे. तिनं ते गिळले. शेवटचं दुपटं बाहेर आलं. बॅगेत मधोमध जी जागा झाली तिथं आईनं चैतूचा फोटो ठेवला, वर आपलं लुगडं टाकलं, चेनच्या टोकाला बोट लावून क्षणभर थांबली, आणि ओढली.

अजय बॅग घेऊन जिना उतरला. आईनं चपला सरकवल्या. हे बघून छकुली मयुरीच्या कडेवरून आख्खी पुढं झेपावली, दोन्ही हात आजीकडे, कंबरेपासून हवेत. गेले सात दिवस ती याच हातांत झोपत होती. आईचे हात उठले, आणि अर्ध्यातून तिनं ते पदराखाली घेतले.

"पकड वं नीट," ती म्हणाली. "पडन ते."

जिन्यावर तिची पावलं जड जड खाली गेली. मयुरीनं दार लावलं, खालची कडी घातली, वरचीही घातली. छकुली दाराकडे हात करून रडत होती, लाल होऊन, पाय झाडत. "गेली आजी," मयुरी म्हणाली. "आपण इथंच राहायचं." तिनं लेकराला छातीशी ओढलं, पाठीवर एक हात, डोक्यामागे एक हात, घट्ट, आणखी घट्ट, आणि घरात एकदम शांत झालं. तिला बरं वाटलं. मग तिला कळलं की छकुलीचं तोंड आपल्या खांद्यात रुतलं आहे. तिनं हात सोडले. छकुलीनं निळसर तोंडानं एक लांब, अडकलेला श्वास ओढला, मयुरीकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं, आणि पुन्हा भोकाड पसरलं.

"रड," मयुरी फरशीवर बसत म्हणाली. "रड, रड."